न चाखलेली पुडी

घर बघायला आलेल्या भाडेकरणीला "जीभ दाखवा" म्हणणारा मालक मी तरी जन्मात दुसरा पाहिला नाही. नवरा मागं ट्रंक घेऊन उभा, मी ओट्याच्या पायरीवर, दोन दिवसांच्या प्रवासानं अंगाचं पार भुसकट झालेलं, आणि हा उंच, उघडाबंब, गोपीचंदनाच्या मुद्रा लावलेला म्हातारा माझ्या तोंडाकडं बघून म्हणतो, "जीभ."

"काय?"

"जीभ दाखवा, बाई. घर मग दाखवितों."

मी साताऱ्याची. आमच्याकडं परक्या पुरुषाला जीभ दाखवणं म्हणजे वेडावणं. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो तार खात्यातला मवाळ माणूस. त्यानं डोळ्यांनीच विनवलं, दाखव बाई एकदाची, तंजावरात मराठी बोलणारा मालक पुन्हा मिळायचा नाही. दाखवली. त्यांनी वाकून, बाजारात भेंडी बघावी तशी ती पाहिली आणि म्हणाले, "तांबडी. तिखट फार खातां. बोलतांही फार. माडीवरच्या दोन खोल्या घ्या."

या जिभेच्या परीक्षेला मी पुढं वर्षभर हसले. नवऱ्याला नक्कल करून दाखवायची, माहेरच्या पत्रांत लिहायची. मग एक दिवस असा आला, की त्याच म्हाताऱ्याच्या जिभेपायी माझ्या अडीच महिन्यांच्या लेकीचा जीव टांगणीला लागला. तेच सांगायला बसले आहे. पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर तुम्हीही त्या वेळच्या गल्लीतल्या बायकांसारखंच बोलाल.

ही साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मालक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणायची. गावाला ते 'पोडी वाद्यार' म्हणून ठाऊक. पोडी म्हणजे पूड, चूर्ण. वाद्यार म्हणजे मास्तर. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची विधवा थोरली बहीण. त्यांना सगळे अक्का म्हणत. मराठे राजे आले त्यांच्या मागोमाग यांचे पूर्वज इकडं आले आणि इथलेच झाले. मराठी बोलायचे, पण असं की मी पहिले आठ दिवस नुसती तोंडाकडं बघत राहिले. "मी दिलं" नाही, "मी दिलों". "जेवलात का" नाही, "जेवलां कां". आणि सगळ्याला तमिळ हेल. मी एकदा हसले तर म्हणाले, "तुमचें मराठी बाजारांत फिरून फिरून झिजलें. आमचें घरांतच राहिलें." 

दररोज सकाळी त्यांच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं बसलेली असत. कुणाला करपट ढेकर, कुणाला जेवण जात नाही, कुणाचं पोट धरलेलं, कुणी बाळंतीण. मास्तर एकेकाला आत बोलवून काल काय खाल्लं ते विचारायचे. "खोटें नको. मी उलटतपासणी करीन." गणिताचे मास्तर ते, करायचेही. मग सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, हिंग, सैंधव, वावडिंग, ज्याला जे लागेल ते त्या त्या माणसाच्या मापानं कुटून पुडी बांधून द्यायचे. एकाची पुडी दुसऱ्याला चालायची नाही. आणि पुडी तीनच दिवसांची. पापनाशमच्या एका गिरणीवाल्यानं मोटार पाठवली होती, महिन्याची बरणी भरून द्या म्हणून. मास्तर मोटारीपाशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "तुझ्या धन्यास सांग, तीन दिवसांनीं त्याचें पोट हेंच राहील असें लिहून दे, मग बरणी देतों." गिरणीवाला पुढच्या आठवड्यात स्वतः येऊन मुकाट ओट्यावर बसला.

पण त्यांचा खरा सोहळा कुटण्याच्या आधीचा. पाटावर पूर्वेकडं तोंड करून बसायचे. पुढं पितळी वाटी आणि तांब्या. पुडीत जे जे जाणार त्यातला प्रत्येक जिन्नस दाताखाली चावायचा, डोळे मिटायचे, थांबायचं, थुंकायचं, चूळ भरायची, मग पुढचा. कालच चाखलेली सुंठ आज पुन्हा. अकरा जिन्नस असले तर अर्धा तास जायचा. मी वरून बघून म्हणायची, "मास्तर, सुंठ एका रात्रीत पळून जाते का हो?" ते डोळे न उघडता म्हणायचे, "माणूस जातो. सुंठ कां नाही?"

यामागं कारण होतं, ते मला अक्कांनी सांगितलं. त्यांच्या आज्याच्या हातची औषधांची वही होती. सगळी मापं, सगळे जिन्नस त्यात लिहिलेले. पण ती मोडीत. आज्यानंतर मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नाही. बालबोध देवनागरीसुद्धा मास्तरांना लागत नसे. पुड्यांवर नावं तमिळमध्ये. मला एकदा वही दाखवली, तर मलाही त्यातलं एक अक्षर लागेना. "तुम्ही साताऱ्याच्या असून?" म्हणाले, आणि खरंच हिरमुसले. वडिलांनी त्यांना लहानपणी सगळं चाखवून चाखवून शिकवलेलं. तेव्हा वही पेटीत आणि विद्या जिभेवर, असा प्रकार. जीभ म्हणेल तेच माप, जीभ म्हणेल तोच जिन्नस. एकदा बाजारातल्या मरुंदु कडैवाल्यानं, म्हणजे आपल्या काष्ठौषधीवाल्यानं, चुना चोळून पांढरी केलेली सुंठ दिली. मास्तर पिशवी घेऊन दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "आधीं तूं चाव." तो चावेपर्यंत हलले नाहीत.

माझं आणि त्यांचं कधी धड जमलं नाही. मी माझा कांदा-लसणीचा मसाला साताऱ्याहून डबा भरून आणला होता. मी फोडणी टाकली की खालची खिडकी धाडकन बंद व्हायची. ते माझ्या माडीची पायरी कधी चढले नाहीत. काही सांगायचं तर अंगणातून ओरडायचे. "आज मोहरी जळाली!" "आज जिना हळू चढलां, पोट फुगलें?" अहो, नव्या सुनेच्या पोटाची चौकशी भर अंगणातून! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण पोट फुगलेलं असायचं, आणि संध्याकाळी अक्का पुडी घेऊन वर यायच्या, आणि ती घेतली की बरं वाटायचं. त्याचाच जास्त राग यायचा.

मला दिवस गेलेत हेही मला त्यांच्या पुडीनं सांगितलं. नेहमीच्या पुडीत मिरी-पिंपळी असायची, तोंडात घातली की ठसका. एका आठवड्यात पुडी आली ती गोडसर. धने, बडीशेप, जिरं. मी अक्कांना विचारलं, "हे काय, तिखट संपलं का?" अक्का पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "तो म्हणतो, आतां नको."

आई मला नव्हती. सासूबाईंना प्रवास झेपणार नव्हता. तेव्हा बाळंतपण तंजावरातच झालं, आणि ते सगळं अक्कांनी केलं. मुलगी झाली. चाळीस दिवस मला वेळेवर लेह्याचं चाटण, वेळेवर पूड, वेळेवर ऊन पाणी. माझ्या आईनं याहून काय केलं असतं? हे मी तेव्हा कधी तोंडानं म्हटलं नाही.

दोन महिन्यांची झाल्यावर पोर रडायला लागली. पोटात धरायचं तिला. पाय पोटाशी घ्यायची, मुठी वळायची, निळी पडेस्तोवर रडायची. लेडी डॉक्टरनं बाटली दिली. ती पाजली की ओकायची. शेवटी मास्तरांनी तिच्यासाठी म्हणून एक पूड केली. बडीशेप, वावडिंग, थोडा ओवा आणि अतिविष. आपल्या बाळगुटीत उगाळतात तेच अतिविष. नखावर राहील एवढी पूड आईच्या दुधात कालवून बोंडल्यानं पाजायची. पाजली की दहा मिनिटांत पोट मोकळं व्हायचं आणि पोर झोपायची. तीन दिवसांची पुडी, तीन दिवसांनी नवी.

आता मास्तर माध्व वैष्णव. एकादशीला पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. दशमीच्या रात्रीपासून द्वादशीच्या पहाटेपर्यंत जिभेला काही लागायचं नाही. म्हणून एकादशीला ते काही चाखत नसत. आणि चाखत नसत म्हणून कुटत नसत. ओटा त्या दिवशी रिकामा. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, दशमीलाच येऊन पुड्या घेऊन जायचे लोक.

त्या दशमीला संध्याकाळी त्यांनी अंगणातून मला हाक मारून विचारलं, "बाळाची पुडी आहे कां? उद्यां एकादशी." सकाळीच ते माझ्या ठेच्यावरून काहीतरी बोललेले, मी रागातच होते. पुडी न बघता वरून ओरडले, "आहे, आहे!"

नव्हती. पहाटे पोर रडायला लागली तेव्हा पुडी उघडली तर आत नुसता कागद. नवरा ओरत्तनाडूकडं तारांचे खांब पडले होते तिकडं गेलेला, परवा येणार म्हणून सांगून. सहा वाजल्यापासून दहा वाजेपर्यंत ती पोर जी रडली, ती अजून माझ्या कानात आहे. मग आवाज बसला आणि नुसतं तोंड उघडायची. ते बघवेना. मी तिला खांद्यावर टाकून खाली गेले.

"मास्तर, पुडी द्या!"

ते जपाला बसले होते. अक्का पुढं आल्या. "आज एकादशी गे. उद्यां पहाटे उठून देतो तो. तोंवर ओव्याचा शेक दे."

"दिला शेक. चार वेळा दिला."

मास्तर म्हणाले, "काल विचारिलों तुम्हास."

ते खरं होतं, म्हणूनच माझा तोल गेला. मी काय काय बोलले! "तुमच्या एकादशीला माझी पोर वाहू का? देव काय तुमच्या एकट्याच्या जिभेवर येऊन बसलाय? एक दिवस चाखलं नाही तर बडीशेपेचं विष होतंय का?" अक्का "अय्यो, अय्यो" म्हणत कानावर हात ठेवून उभ्या.

"चाखल्यावांचून मी कधीं कोणास दिलों नाही," मास्तर म्हणाले. आवाज शांत होता, पण माळेवरचा हात थांबला होता.

"मग देऊ नका. मी जाते बाजारात, तो कडैवाला देईल ते आणते आणि माझ्या खलबत्त्यात कुटते."

त्यावर ते उठले. मी तशी जाणार होते का? देव जाणे. बहुतेक गेले असते. त्यांनी फळीवरून डबे काढले. अतिविषाचा जुना डबा रिकामा. त्याच आठवड्यात आणलेली नवी पुडी होती, तिच्यात दोन मुळ्या. ते पाटावर बसले, एक मुळी उचलली आणि सवयीनं तोंडाकडं नेली. ओठांपासून बोटभर अंतरावर हात थांबला. त्यांनी अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "आटपा हो मास्तर, तिचा जीव जातोय!" त्यांनी मुळी तशीच खलात टाकली.

पूड पाजली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, आणि पोर झोपली. मला काय आनंद झाला! मी जिन्यात येऊन मोठ्यानं म्हटलं, "झोपली बरं का! काही बिघडलं नाही तुमच्या देवाचं."  मी दोन घास खाल्ले आणि तिच्याशेजारी आडवी झाले.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं अक्का. दारात मास्तर उभे. माझ्या घरात, कांदा-लसणाच्या वासात, एकादशीच्या दिवशी. उजव्या तळहातावर मुळीचे दोन तुकडे.

"दिलां कां?"

"सकाळीच. झोपलीय."

"केव्हांपासून?"

"अकरा."

अडीच वाजले होते. ही पोर पोट दुखायला लागल्यापासून एका दमात तासभर झोपली नव्हती. ते माझ्या ध्यानात आलं ते त्यांच्या तोंडाकडं बघून. त्यांनी तळहात पुढं केला. अतिविषाची मुळी मोडली की आत पांढरी असते, खडूसारखी. ही आत तपकिरी होती, काळपट.

"उरलेली ठेवूं गेलों. हातांत मोडली," ते म्हणाले. "बाहेरून दोन्ही सारखीं. बचनाग आंतून असा असतो."

बचनाग!  आमच्या गावाला एका माणसानं तो खाऊन जीव दिलेला मला ठाऊक होता. मी पोरीला उचललं. हात लोंबला. झोपलेल्या लेकराचा हात लोंबतोच. पण ते त्या वेळी कुणाला सुचतंय. मी तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. तिनं कपाळाला आठी घातली आणि पुन्हा झोपली.

मास्तरांनी जिन्यातून हाक दिली, "अक्का! लेडी डॉक्टरास आण! जटका कर!" आणि सत्तरीच्या अक्का, पोटात पाण्याचा थेंब नाही, भर उन्हात अनवाणी धावत गेल्या. फाटकाचा आवाज आला तो मला अजून आठवतो.

"श्वास मोजा," मास्तर मला म्हणाले. "रडूं नका. मोजा. मोठ्यानें."

मी मोजू लागले. त्यांनी कोनाड्यातली सकाळची उरलेली पुडी घेतली आणि चिमूट जिभेवर ठेवली. किती वर्षांची एकादशी मोडली ती, मला माहीत नाही. बचनाग असेल तर जिभेला मुंग्या येतात, मग जीभ बधिर होते, हे त्यांनीच मला मागं कधी सांगितलेलं. मी मोजता मोजता त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते डोळे मिटून उभे. मग डोळे उघडले.

"कळत नाही. जीभ कोरडी आहे. रात्रीपासून पाणी नाही." आणि म्हणाले, "पाणी द्या."

"माझ्या माठातलं?"

"द्या, बाई!"

त्यांनी माझ्या हातून पेला घेतला आणि तोंड लावून प्याले. पुन्हा चिमूट. पुन्हा डोळे मिटले. मी अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. चुकले. पहिल्यापासून.

"मुंग्या येतात का? मास्तर, सांगा ना हो!"

"कडू."

"म्हणजे काय? मुंग्या?"

"आज माझ्या जिभेवर माझा भरंवसा नाही," ते म्हणाले, आणि मी हात धरायच्या आत सगळी पुडी त्यांनी तोंडात ओतली. पोरीला नखभर दिली होती. हे मूठभर खाऊन बसले. वर पेलाभर पाणी. मग दाराच्या चौकटीला पाठ टेकून खाली बसले आणि घड्याळाकडं बघू लागले.

"मला आधीं होईल. ओठ बधिर होतील, मग हात. मला बोलतां आलें नाही तर डॉक्टरास नांव तुम्ही सांगा. बचनाग. म्हणा."

"बचनाग," मी म्हटलं.

"तमिळांत नाभि. म्हणा."

"नाभि." "मास्तर, मीच मागे लागले. मीच..."

"मोजा."

मी मोजत राहिले. मी कधी कुठल्या गोष्टीकडं पाहिलं नसेल तितका वेळ तिच्या छातीच्या वर-खाली होण्याकडं पाहिलं. मधेच म्हाताऱ्याच्या ओठांकडं. ते आपल्या बोटानं ओठ दाबून बघत होते, चिमटा काढून बघत होते. मी मनात म्हणत होते, याला काही होऊ दे, म्हणजे कळेल तरी. आणि लगेच, नको, नको रे देवा, काही होऊ देऊ नकोस! याला झालं म्हणजे तिला झालं. तीन वाजले. सव्वातीन झाले. मास्तरांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

फाटकाशी जटक्याचा घोडा थांबला. लेडी डॉक्टर वर आली, तिच्या मागं अक्का भिंतीला धरत धरत. डॉक्टरनं पोरीचे डोळे उघडून पाहिले, मनगट पाहिलं आणि तो नळीचा थंडगार धातू तिच्या छातीला लावला. पोर दचकली. आणि जी किंचाळली! पाय झाडले, मुठी वळल्या, तोंड लालभडक. मी तिला छातीशी धरलं आणि तिच्याहून मोठ्यानं रडले. ती दूध पिऊ लागली, घटाघटा, चार तासांची भूक होती तिला. झोपली होती पोर. नुसती झोपली होती. सकाळभर रडून रडून दमली होती, पोट दुखायचं थांबल्यावर झोपली, एवढंच.

डॉक्टरनं मास्तरांची नाडी पाहिली, त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. काही नव्हतं. मग मास्तरांनी मुळीचा तुकडा दाताखाली धरला आणि बराच वेळ चावला. "अतिविषच," म्हणाले. "ओल लागून काळें पडलें." डॉक्टर तमिळमध्ये आणि इंग्रजीत मिळून खूप बोलली. कुणी दिलं हे लेकराला, असं तिनं दोनदा विचारलं. मास्तर म्हणाले, "मी." मी पोरीला पाजत होते. माझं तोंड उघडलं नाही.

कुणीतरी तार ऑफिसात निरोप दिला असावा. नवरा संध्याकाळीच आला. मला काही विचारायच्या आधी त्याला अंगणात मास्तरांनी गाठलं. मी वरून ऐकत होते. "चूक माझी. न चाखतां दिलों. बाईंनीं मागितली नव्हती, आपण होऊन दिलों." माझा मवाळ नवरा त्या दिवशी मास्तरांना जे बोलला, ते मी त्याच्या तोंडून आधी-नंतर कधी ऐकलं नाही. वर येऊन त्यानं पोरीला घेतलं आणि तिच्या पायांचे मुके घेत बसला. तेव्हा सांगायचं होतं. मी म्हटलं, उद्या सांगू.

द्वादशीला सकाळी ओटा भरला होता. जटकेवाल्यानं गावभर केलं होतं. पुडीसाठी कमी, बघायला जास्त माणसं आली होती. मास्तर दारात आले. पाट नाही, वाटी नाही. तमिळमध्ये म्हणाले, आजपासून मी औषध देणार नाही.

गलका झाला. एक म्हातारी म्हणाली, "पण बाळाला काही झालं नाही ना?"

"झालें नाही ती देवाची गोष्ट. चाखलों नाही ती माझी." हे त्यांनी मराठीत म्हटलं, मग तमिळमध्ये पुन्हा. तो गिरणीवालाही होता गर्दीत. म्हणाला, "वाद्यार, वीस वर्षांत कधी न चाखता दिलं नाहीत. काल कसं दिलंत? कुणी बळजबरी केली असेल." आणि मग एकेक करून सगळ्या माना वर वळल्या. मी जिन्यात उभी होते, पोर खांद्यावर. खरंच सांगते, मी सांगायला म्हणूनच खाली येत होते.

"काय अम्मा," गिरणीवाल्यानं विचारलं, "तुम्ही मागितलं होतं का?"

मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला काय ठाऊक. लहान आहे."

अक्का त्यांच्या मागं दारात उभ्या होत्या. रात्रीत त्यांचे पाय सुजले होते, तळव्यांना फोड आले होते. त्या माझ्याकडंच बघत होत्या. काल माझं सगळं बोलणं त्यांनी कानांवर हात ठेवून ऐकलेलं.

मला तेव्हा तमिळ धड येत नव्हतं. भाजीवालीशी भाव करतानासुद्धा मी अडखळायची. पण तो एक शब्द मी सगळ्यांना ऐकू जाईल असा, स्वच्छ बोलले.

"इल्लै," मी म्हटलं. नाही.